निकालाची पोस्ट

माझ्या बायकोची ओळख करून देताना लोक म्हणतात, "या सोशल मीडियावर असतात." असतात म्हणजे काय हो? बाकावर बसून असतात तशा? हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. ती तिथे कामाला असते. एखादी कंपनी नवी वस्तू बाजारात आणते, हॉल घेऊन मोठा कार्यक्रम करते, आणि हॉलच्या बाहेर असलेल्या लोकांना तो फोनवर बघावासा वाटेल असा दाखवायचा, हे तिचं काम. आज पंखेवाले, बूटवाले, गाद्यावाले तारीख ठरवायच्या आधी विचारतात, "ताई, तुम्ही कधी मोकळ्या आहात?" मीही त्यातच आहे. फोनचा स्टँड धरतो, बॅटऱ्या सांभाळतो, आणि वायरला अडखळणाऱ्या पाहुण्यांवर ओरडतो. सगळे मला ट्रायपॉड म्हणतात. म्हणोत बापडे.

पण हे आत्ताचं. आधी एकोणीस वर्षं ती शाळेच्या ऑफिसात होती. दाखले, पावत्या, हजेरीपत्रकं. शाळेच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे आमचा संसार एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना चालायचा. शाळेच्या स्पर्धांचे छोटे व्हिडिओ ती पेजवर टाकायची. धावणाऱ्या मुलापेक्षा कुंपणाला धरून ओरडणारी त्याची आई जास्त दाखवायची, आणि लोक तेच पुन्हा पुन्हा बघायचे. मग गादीच्या दुकानाचं उद्घाटन आलं, मग एका सायकल कंपनीचा कार्यक्रम. सुट्टी काढून काढून ती ही कामं करू लागली.

तिची पद्धत ठरलेली. आदल्या दिवशी हॉलमध्ये जाऊन चारही कोपऱ्यांत उभं राहायचं. अकरा वाजता खिडकीतून ऊन कुठे पडतं ते बघायचं. वायरमनला विचारायचं, कुठला दिवा ऐनवेळी दगा देतो. आणि सकाळी नऊला सगळ्या पोस्ट लिहून शेड्यूल करून टाकायच्या, म्हणजे वेळ लावून ठेवायची. त्या वेळेला त्या आपोआप जातात. सव्वाअकराला "हॉल खचाखच भरला!" अशी पोस्ट तुम्ही वाचता ना, ती नऊ वाजता लिहिलेली असते, तेव्हा हॉलमध्ये फक्त झाडूवाली असते. या धंद्यात सगळेच असं करतात. ऐन कार्यक्रमात लिहायला हात मोकळा कुणाचा असतो?

मग आली कुलपाची कंपनी. त्यांचे साहेब टाय लावून आमच्या घरी आले. म्हणाले, नवीन कुलूप काढलंय, कुणाच्या बापाला उघडणार नाही. हॉलमध्ये आठ चावीवाले बोलावतो, प्रत्येकाला पाच मिनिटं देतो, सगळं लाइव्ह दाखवायचं. हे झकास झालं, तर वर्षभराचे सगळे कार्यक्रम तुमचेच.

साहेब जिना उतरले नाहीत तोच हिनं राजीनामा लिहिला!

"अगं, काम मिळू तर दे," मी म्हटलं.

"मिळेल. मला माझं काम येतं." पाकीट माझ्या हातात दिलं. "मी आजपासून रजेवर आहे, कार्यक्रमाची तयारी करायचीय. तुम्ही समोरच आहात, मोठ्या बाईंना देऊन टाका."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मी पाकीट शर्टाच्या खिशात घातलं. आणि खरं सांगतो, दिलं नाही. दहा दिवस दिलं नाही. एकोणीस वर्षांची नोकरी अशी रस्ता ओलांडून देऊन यायची? रोज शर्ट बदलला की पाकीट या खिशातून त्या खिशात जायचं, आणि ती विचारायची, "बाई काय म्हणाल्या?" मी म्हणायचो, "वाचते म्हणाल्या." शरम वाटायची, पण वाटायचं, उद्या काही बिनसलं तर हीच माझे आभार मानेल.

कार्यक्रमाचा दिवस. मी दुकान बंद ठेवून स्टँड धरला होता. टेबलाला घट्ट बसवलेलं कुलूप, समोर चारशे खुर्च्या, फोनवर काही हजार माणसं. एकेक चावीवाला यायचा, तार फिरवायचा, घाम पुसायचा, हात टेकून परत जायचा. ही मधूनमधून फोन प्रेक्षकांकडे वळवायची. अहो, माणसं श्वास रोखून बसली होती! सात जण हरले. टायवाले साहेब तर आत्ताच हार घालून घ्यायला तयार दिसत होते.

आठव्या आल्या त्या एक काकू. बाजाराच्या तोंडाशी चाव्या करून देतात, भिंगाचा चष्मा, हातात एक वाकवलेली तार. त्यांनी कुलपाला कान लावला. तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग खट्‌ आवाज आला आणि कडी बाहेर!

हॉलमध्ये एकदम शिट्ट्या. साहेबांनी हिच्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवलं, बंद करा, बंद करा. ही उलट स्टेजवर चढली. मागे मी, स्टँडसकट.

"काकू, कसं उघडलंत हो?"

"कुलूप चांगलंय," काकू म्हणाल्या. "पण आतली एक स्प्रिंग नरम आहे. तिनं मला सांगितलं, मी ऐकलं. बदला म्हणावं."

इथपर्यंत सगळं उत्तम होतं. पण शेड्यूल केलेलं कुणाच्याच डोक्यात नव्हतं, तिच्याही नाही. पावणेबाराला हॉलभर फोन वाजले. कंपनीच्या पेजवर निकालाची पोस्ट आली होती: "आठ कारागीर, चाळीस मिनिटं, आणि आमचं कुलूप जसंच्या तसं!"

पहिल्या रांगेतला एक जण ते मोठ्यानं वाचू लागला आणि सगळा हॉल हसत सुटला. लाइव्हवर कमेंटचा पाऊस. खोटारडे. चोर. डोळे आहेत का नाहीत?

साहेब धावत आले. आवाज दाबून म्हणाले, "आधी ते लाइव्ह उडवा. पोस्ट राहू दे. उद्यापर्यंत लोक विसरतात."

"साहेब, माझ्यासमोर उघडलेलं कुलूप मी बंद आहे म्हणून कसं सांगू?"

"तुम्हाला वर्षभराचं काम हवंय ना?"

मी तिच्याकडे बघत होतो. हवं होतंच की! त्यासाठीच तर सगळं पणाला लावलं होतं, निदान तिच्या हिशेबानं. तिनं एक क्षण ओठ चावला. मग फोन स्वतःकडे वळवला. इतक्या कार्यक्रमांत तिनं कधी स्वतःचं तोंड दाखवलं नव्हतं.

"ही पोस्ट मी सकाळी नऊ वाजता लिहून ठेवली होती," ती म्हणाली. "निकाल लागायच्या आधीच. चूक माझी आहे. कुलूप या काकूंनी उघडलं, ते मी बघितलं, तुम्हीही बघितलं."

पोस्ट तिनं पुसली नाही. तिच्याखाली हेच शब्द लिहिले. साहेबांनी तिथल्या तिथे पेजचा पासवर्ड बदलला आणि आम्हाला दार दाखवलं. ते कुलूप पुढे सुधारलं का, मला माहीत नाही. आमच्या दाराला दुसऱ्या कंपनीचं आहे.

बाहेर पायऱ्यांवर ती बसली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. "गेलं ते गेलं. गादीवाल्यांना आजच फोन करते."

मला वाटलं, हीच ती वेळ. पाकीट काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "काळजी करू नकोस. मी हे दिलंच नाही. तुझी नोकरी शाबूत आहे."

तिनं पाकीट उलटसुलट करून बघितलं. मी आभारांची वाट बघत होतो, गाढव.

"म्हणजे तुम्हीही माझा निकाल आधीच लिहून ठेवला होतात," ती म्हणाली. पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि एकटीच चालू लागली.

आयुष्यात मला इतकं कुणी हाणलं नव्हतं. मी तसाच शाळेत गेलो, खांद्यावर स्टँड, कुठे ठेवायचंही सुचलं नाही. मोठ्या बाईंनी पत्र वाचलं.

"तारीख दहा दिवसांपूर्वीची आहे."

"हो. उशीर मी केला."

"नवीन काम पक्कं झालं का त्यांचं?"

"आज सकाळीच हातचं गेलं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मग घाई कशाला? घरी जा, दोघं बसून विचार करा."

मी कागद परत सरकवला. "तिचा झालाय करून. माझाच राहिला होता. शिक्का मारा, बाई."

घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोनवर बोलत होती. मी शिक्क्याची प्रत समोर ठेवली. बोलता बोलता तिनं ती वाचली, दोनदा. मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "गादीवाले परवाची तारीख देतायत. बॅटऱ्या चार्जिंगला लावा, ट्रायपॉड."

हे नाव तिनं तेव्हा पहिल्यांदा घेतलं. मी बॅटऱ्या लावल्या.