सासऱ्यांच्या नावावरचा उंचवटा

इथे परदेशात, लोअर हटच्या आमच्या घरात, बैठकीच्या खोलीत जमिनीवर चिकटवलेल्या व्हायनिलखाली जो उंचवटा आहे, तो माझ्या घाईचा आहे. मी मात्र तो सासऱ्यांच्या नावावर खपवला.

ते पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. मुलीच्या घरी नुसतं बसून जेवणं त्यांना जड जात होतं. म्हणून मी जुनं कार्पेट काढलं तेव्हा तेही गुडघ्यांवर बसून खालच्या लाकडी बोर्डांत रुतलेल्या पिना पकडीने उपटू लागले. दोन बोर्डांच्या सांध्यात मी लांबी, म्हणजे फटी बुजवायची पुट्टी, भरली होती. वाळल्यावर ती घासून सपाट करायची होती. त्यांनी तिच्यावरून तळवा फिरवला.

"अहो, इथे हाताला लागतंय. वाळू द्यायची का अजून?"

"बाबा, तुम्ही पिना काढा. डोकं मी चालवतो."

दुसऱ्या दिवशी मित्र जेवायला येणार होते. मी त्याच दुपारी व्हायनिल चिकटवलं.

मित्र आले तेव्हा काचेच्या दारातून तिरपं ऊन आत आलं होतं आणि सांध्याची रेघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उठून दिसत होती.

"काय रे, खाली साप पाळलायस का?" एकाने विचारलं.

"सासऱ्यांची कलाकुसर," मी म्हणालो. "रिटायर्ड माणसाला काम दिलं की असं होतं."

सगळे हसले. जावयाला चारचौघांत खोटं पाडणं सासऱ्यांना जमणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी बोललो होतो.

"हो, माझाच हात जड पडला," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात बायको त्यांच्यावर चिडली. "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" मी शेजारीच पापड तळत होतो.

पुढे पाहुणे आले की सासरे त्या रेघेवर खुर्ची टाकून बसत. "बाबा, उठा जरा, लोकांना बघू द्या," मी म्हणायचो. ते उठायचे.

ते पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांची भरलेली बॅग रेघेवर आडवी ठेवलेली दिसली. मी विचारलं.

"वजनाने उंचवटा जरा बसतो का बघतोय. पोरीला ते रोज बघावं लागतं ना."

मी बायकोला हाक मारली.

"लांबी वाळली नव्हती, मी घासलीही नाही. बाबांनी मला थांबवलं होतं. मी खोटं बोललो, आणि तुझी बोलणी त्यांना खाऊ दिली. बाबा, मला माफ करा."