शॉडी

"पाटणकर को बायर के सामने मत बिठाना, यार. बहुत शॉडी लगते हैं," आमचा नवा मॅनेजर फोनवर कुणाला तरी सांगत होता. मग माझ्याकडे वळला. "तुम भी मराठी हो ना? तुम ही बोल दो. प्यार से."

गुडगावच्या काचेच्या नव्या इमारतीतल्या आमच्या निर्यात कंपनीत पाटणकरकाका माल तपासायचे. करोल बागेतून दोन बस बदलून यायचे. हिवाळाभर अंगात एकच राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा पानिपती कोट. ब्लँकेट हातात आलं की आधी उलटं करायचे. "चेहरा व्यापारी बघतो बेटा, आपण पाठ बघायची." मग एक धागा जाळून हुंगायचे. केस जळल्याचा वास आला की लोकर. दुसरा धागा उलगडून तंतू किती आखूड आहेत ते निरखायचे. आखूड आणि रंगीबेरंगी निघाले की लोकर जुनी.

शॉडी म्हणजे गबाळा, एवढंच मी शाळेत शिकले होते. शब्दाचं मूळ मला काकांनी सांगितलं. इंग्लंडच्या गिरण्यांत जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हा सूत कातत, त्या कापडाचं हे नाव. पानिपतला अजून तेच चालतं. "गरिबाला ऊब देणारं कापड! व्यापाऱ्यांनी नवं म्हणून खपवलं, ते विरलं, आणि शिवी कुणाला? कापडाला!" हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

तरीही मॅनेजरचा निरोप घेऊन मी त्यांच्याकडे गेले. "काका, आज तुम्ही गोदामातच बसाल का?"

"कोट नडला की रिपोर्ट?" त्यांनी विचारलं. मी कोटाकडे बघितलं. "बरं," म्हणत त्यांनी काडेपेटी उचलली.

बायरबरोबरच्या मीटिंगमध्ये कळलं. ब्लँकेटवर लेबल होतं: शंभर टक्के नवी लोकर. याच मालाला काकांनी 'जुन्या लोकरीचं सूत' असा शेरा दिला होता. आदल्या दिवशी मीच तो टाइप केला होता. फायलीत आता तो कागद नव्हता.

माल घ्यायला आलेल्या परदेशी बायरबाईंनी विचारलं, तपासलं कुणी? "आमच्या टीमने," मॅनेजर हसला आणि मान डोलावत माझ्याकडे बघत राहिला. मीही डोलवावी म्हणून. इंग्रजी चांगलं म्हणून मला घेतलं होतं. गप्प बसते म्हणून ठेवलं होतं. माझे कान तापले. त्याच्यावर जेवढा संताप होता, तेवढाच माझ्यावर.

मी त्याच चांगल्या इंग्रजीत म्हणाले, "हा माल मिस्टर पाटणकरांनी तपासलाय. लोकर नवी नाही, असं त्यांनी लिहून दिलंय. ते गोदामात आहेत. मीच त्यांना तिथे बसवलंय. आता बोलावून आणते."