दाजी आणि टेकाडावरची माती

माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी त्याच्या चपलांकडे बघणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. दाजी सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण ते फक्त पगारपत्रकावरून निवृत्त झाले. सांगलीच्या घरी पाहुणा दारात आला की 'या, बसा' म्हणायच्या आधी ते वाकून त्याच्या टाचेला लागलेली माती बघतात. "पाव्हणं, तासगाववरनं आलात. मधी कुणाच्या तरी द्राक्षबागेत उतरला व्हता." पाहुणा ओशाळून बघत राहतो. एकदा माझे यजमान, कऱ्हाडच्या ऑफिसात दिवसभर मान वर करायला वेळ नव्हता, असं मला सांगत सांगत त्या घरात शिरले. दाजींनी त्यांच्या बुटांवर नजर टाकली आणि शांतपणे विचारलं, "कऱ्हाडच्या हापिसात नदीचा गाळ कवापास्नं टाकाय लागले?" तेव्हापासून आमचे हे सांगलीला गेले की बूट गाडीतच ठेवतात.

मी साताऱ्याला एका शाळेच्या कार्यालयात काम करते. मला प्रत्येक गोष्टीची यादी लागते, म्हणून दाजी मला हेडक्लार्क म्हणतात. त्यांच्या घरात यादी करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं निम्मं धोक्याचं आहे. स्वयंपाकघरातल्या एका डब्यात खंडाळ्याची तांबूस माती होती. तो डबा आणि कांदा-लसूण मसाल्याचा डबा एकाच फळीवरचे, एकाच मापाचे. एकदा ताई आजारी होती म्हणून आमटी मी केली. दाजींनी एक घास खाल्ला, जीभ टाळूला लावून क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "खंडाळ्याची हाय. पण मीठ बेतशीर पडलंय." आणि माझा अपमान नको म्हणून अर्धी वाटी संपवली.

मातीबद्दल खोटं मात्र त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. आमच्या एका मामेभावाला जमीन विकायची होती. त्यानं नमुना आणला, पेढे आणले, आणि "दाजी, जरा बरं लिहा" म्हणाला. दाजींनी लिहिलं, 'खारवट. निचरा नाही.' त्या मामेभावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली ती एकट्या ताईच्या नावानं. दाजी तरीही गेले. "हिच्या सोबतीला आलोय," असं मांडवाच्या दारात सांगितलं आणि मांडवाचे खांब भुसभुशीत जागी रोवलेत म्हणून मुलीच्या बापाला तिथंच सावध केलं.

आता हे सगळं हसत सांगता येतं. पुढचं तसं सांगता येत नाही.

दाजींचं गाव कवठे महांकाळच्या बाजूला. गावाबाहेर एक टेकाड आहे, गायरानातलं. ते दगडखाणीला द्यायचं ठरतंय अशी बातमी आली. दाजींना त्याचं काही वाटलं नसावं. त्या टेकाडाच्या पोटात काळा पाषाण आहे हे ते लग्नाआधीपासून सांगत होते. पण जेवताना ताई एकदम म्हणाली, "आवं, खाण लागायच्या आत मला एकदा ती जागा दाखवा."

ताईची पहिली मुलगी जन्मल्यावर बारा दिवसांच्या आतच गेली. बाळंतिणीला कुणी बाहेर पडू दिलं नाही. तान्ह्या मुलांना न जाळता पुरायची गावाची रीत. दाजी आणि त्यांचे वडील तिला घेऊन टेकाडावर गेले, पुरून वर दगड ठेवून आले. पुढं दोन मुलगे झाले, वाढले, नोकरीला लागले. चाळीस वर्षांत ताईनं त्या जागेबद्दल एक शब्द काढला नव्हता. दाजी "दाखवतो की" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला. "हेडक्लार्क, रजा काढा. पिशव्यांना लेबलं लावायला माणूस पायजे."

खाणवाल्या कंपनीला टेकाडावरच्या मातीचा अहवाल हवा होता. दाजींनी तो फुकट करून द्यायचं कबूल केलं होतं. कंपनीनं जेसीबी दिला, त्यावर रसूलभाई. मी छत्री, पाणी, चिठ्ठ्या, सुतळी आणि भाकरी घेऊन तयार. काम छान चाललं. माथ्यावर खडक उघडाच. उतारावर वीतभर तांबडी, खडे मिसळलेली, पाणी न धरणारी. तिच्याखाली काही ठिकाणी पांढरी चुनखड, काही ठिकाणी मुरूम. ओढ्याकडे उतरलं की काळी, भेगांत मनगट जाईल अशी. दाजी सांगत होते, मी लिहीत होते. कंपनीला हवे होते तेवढे खड्डे झाले तरी दाजी थांबेनात. इथं एक घे, तिथं एक घे, परत जरा वर घे.

"साहेब," रसूलभाई खाली उतरून म्हणाले, "टेकाड तर कंपनी फोडणारच हाय. तुमी आदीच चाळण करून देताय व्हय?"

दाजी हसले नाहीत. खड्ड्याच्या काठावर बसून माझ्याकडे बघत म्हणाले, "मला जागा आठवत न्हाई. त्या दिवशी मी नुसता पायाखाली बघत चाललो व्हतो. वरचे दगड मेंढरंवाल्यांनी कवाच हलवलं. एवढंच ठावं हाय, वर तांबडी व्हती आन् खाली पांढरं लागलं. बुजवताना दोनी एकात एक झाल्या असणार. एकदा उकरलेली माती परत थरावर बसत न्हाई. तेवढी मिसळ सापडली की झालं." मग रसूलभाईंना सगळं सांगितलं. रसूलभाईंनी ऐकून घेतलं, जेसीबीची किल्ली काढून खिशात टाकली आणि टिकाव आणला. "मग मशीन नको. बाजूला सरा. मी हातानं घेतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मिसळ सापडली. तांबड्या मातीत पांढरे ठिपके, थेट खालपर्यंत. रसूलभाई टिकाव ठेवून लांब जाऊन उभे राहिले. दाजी खड्ड्यात उतरले आणि खुरप्यानं हळूहळू उकरू लागले. मी वरून बघत होते. तळाशी एक काळी चिंधी लागली. प्लास्टिकची, बुडाला भोकं पाडलेली, नर्सरीतल्या रोपाची पिशवी. मागं कुठल्याशा योजनेत या उतारावर खड्डे खणून झाडं लावली होती, ती सगळी जळून गेली. दाजींनी ती पिशवी झटकली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि घडी करून खिशात घातली.

"हेडक्लार्क, लिवा. तांबडी आन् पांढरी, मिश्र. जुनी भर."

"जुनी म्हणजे किती?" मी विचारलं.

"चाळीस वर्षांची."

मी लिहिलं.

त्यांनी स्वतः माती लोटून खड्डा बुजवला आणि ओढ्यातनं दगड आणून वर रचले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला आणलं. उतार चढताना तिला दम लागत होता, पण तिनं कुणाचा हात धरला नाही. दगडांपाशी उभी राहून तिनं विचारलं, "हीच?"

"हीच," दाजी म्हणाले.

"डोकं कुठल्या अंगाला?"

दाजींनी ओढ्याकडं बोट केलं. ताई वळसा घालून त्या बाजूला गेली, पदर सावरून खाली बसली आणि दगडाच्या कडेची माती हातानं सारखी करत राहिली. रडली नाही. दाजी तिच्या मागं हात बांधून उभे होते.

परतताना मिरज आलं तेव्हा ताई गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरी जागा हाय. सकाळचं ऊन येतं."

"व्हय," दाजी म्हणाले. "आन् पाणी साचत न्हाई तिथं."