सुमनताईंचं कोपर

"मॅडम, या पाण्यात मी पोरीला उतरवणार नाही." स्विमिंग पूलच्या काठावर पीहूचा हात घट्ट धरून सुमनताई उभ्या होत्या.

भिंतीवरच्या डिस्प्लेवर ठसठशीत आकडा होता, ३३.

मी चिडलेच. तापमान मोजणारी यंत्रं तपासणं ही माझी बावीस वर्षांची नोकरी. हा सेन्सर मी स्वतः लॅबमध्ये पास केलेला. सरोजिनी नगरहून गुडगावपर्यंत धुक्यातून गाडी हाकत आले, ती काय हे ऐकायला?

घर अरोरासाहेबांचं, पूल घरातच, काचेच्या छताखाली. त्यांच्या आठ वर्षांच्या पीहूच्या पायाचं प्लास्टर निघालं होतं, पण गुडघा वाकत नव्हता. डॉक्टरांनी तेहेतीस डिग्री पाण्यात व्यायाम सांगितला होता. पाणी गार असलं की स्नायू आखडतात. गुडघा सुटला नाही तर पुन्हा ऑपरेशन. आणि पोरगी दोन दिवस पाण्यात पाय टाकला की किंचाळत होती.

"मॅडम, तैंतीस तो दिख रहा है ना? नाटक करती है," अरोरासाहेब म्हणाले. पीहू मुसमुसत होती.

सुमनताई तिला मालीश करायला यायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा फौजेत, म्हणून राहायला दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये. त्यांनी बाही वर सारली, वाकून कोपर पाण्यात बुडवलं आणि डोळे मिटले.

"तीस. फार तर वर अर्धा."

"अहो ताई, हे अंदाजपंचे काय सांगताय!"

"अंदाज कसला? वीस वर्षं फौजेच्या इस्पितळात बाळांना आंघोळी घातल्यात. सिस्टर आधी कोपर घालायला लावायची, आकडा वदवून घ्यायची, मगच थर्मामीटर टाकायची. चुकलं की बोलणी खायची."

म्हटलं, चलो, एकदाचा वाद मिटू दे. बॅगेतला लांब वायरचा थर्मामीटर काढला आणि पीहूच्या कमरेइतक्या खोलीवर सोडला. आकडा हलला, थांबला. ३०.४.

बाप रे! मी पुन्हा मोजलं, दुसऱ्या कोपऱ्यात मोजलं. तेच. माझ्या यंत्राला दरवर्षी तपासणी लागते, आणि या बाईंनी नुसतं कोपर बुडवून सांगितलं होतं.

मग सेन्सर बिघडला होता का? बिल्कुल नाही. पंपरूममध्ये गेल्यावर उलगडा झाला. पूलचं पाणी एका पाइपने हीटरकडे जातं, तापून दुसऱ्या पाइपने परत येतं. सेन्सर जाणाऱ्या पाइपवर हवा, तो बसवला होता येणाऱ्या पाइपवर. हीटरमधून निघालेलं पाणी तेहेतीसला पोचलं की हीटर खुशाल बंद. पूल तिकडे गारच. आणि पूल चालू करतानाच्या फॉर्मवर सही कुणाची? माझी. डिस्प्ले पाहून केलेली. पाण्याला हातसुद्धा न लावता.

"सर, पीहू सच बोल रही थी. गलती मेरी है," मी म्हणाले. अरोरासाहेब लेकीशेजारी ओल्या फरशीवर बसले आणि तिचे डोळे पुसले.

फिटरने सेन्सर हलवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत गेले. सुमनताईंनी कोपर घातलं. "बत्तीस. थांबा अजून." माझ्याकडे ३२.१. तासाभराने पुन्हा कोपर. "हां, आता ये गं बाळा." मी थर्मामीटर टाकला, पण माझ्या आकड्यासाठी कुणी थांबलंच नाही.

पीहू उतरली. ओठ घट्ट मिटलेले. सुमनताईंनी पाण्याखाली तिची पोटरी धरली, हळूहळू मागे नेली. गुडघा थोडा वाकला. मग आणखी थोडा. "आंटी, देखो!" पीहू ओरडली. माझे डोळे भरून आले, उगाच नाकारत नाही.

रिपोर्टमध्ये 'पडताळणीसाठी वापरलेलं उपकरण' असा रकाना असतो. त्यात थर्मामीटरच्या वर मी लिहिलं, 'सुमनताई, उजवं कोपर.'

बॉसने फोन केला. "हे काय यार? याचं सर्टिफिकेट कुठाय?"

"सर्टिफिकेट पाण्यात गुडघा वाकवतंय," मी म्हटलं. आता सही करायच्या आधी मी बाही वर सारते.