अप्पांनी धरून ठेवलेली सीट

माझ्याकडे एक जीप आहे आणि तिला रिव्हर्स गिअर नाही. होता, पण मला मिसरूड फुटायच्या आधीच तो गेला. त्यामुळे जीप बाहेर काढायची म्हणजे आधी सगळा रस्ता डोळ्यांसमोर आणावा लागतो. वळायला जागा कुठे आहे, गल्ली पलीकडून फुटते का, कुणी मांडव घातलाय का. एकदा नाक घातलं की पुढेच जायचं. शिवाय तिचं स्टेअरिंग डावीकडे. गल्लीत शिरलो की माझी बाजू भिंतीला लागते आणि मला उतरता येत नाही.

माझ्या वडिलांनी ती लष्कराच्या लिलावात घेतली. ती लढाईत होती एवढं त्यांना सांगण्यात आलं होतं. कोणत्या लढाईत, हे वडील समोरचा माणूस बघून ठरवायचे. गावातले मास्तर समोर असले की ब्रह्मदेश, भाचेमंडळी असली की वाळवंट. डाव्या मडगार्डवर एक बारकासा दिवा आहे, वर झापड असलेला. शत्रूच्या विमानाला उजेड दिसू नये म्हणून. उदगीरला आल्यावर तो दिवा फक्त शेळ्यांपासून लपला. बाजूला फावडं आणि कुऱ्हाड अडकवायचे पट्टे होते, त्यात आई छत्री अडकवायची.

आमच्याकडे या जीपने काय नाही केलं! देगलूरपर्यंत सवारी मारली, चौदा माणसं आणि मांडीवर एक बकरी. मागचं चाक जॅकवर उचलून, त्याला पट्टा लावून वडिलांनी तिच्यावर कडबा कापला. निवडणुकीत सकाळी एका पक्षाचा भोंगा आणि दुपारी दुसऱ्याचा. नवरदेव तर किती मिरवले याला गणती नाही. भूकंपाच्या वेळी वडील चादरी आणि पाणी घेऊन गेले ते पाच दिवस घरी आले नाहीत. येताना जीपमधून काय आणलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आणि तिचं शेवटचं काम. आमच्या लिंगायत समाजात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. मांडी घालून, ताठ बसवून, अंगाला विभूती लावून, हारफुलं घालून मिरवत नेतात आणि बसलेलाच पुरतात. आमच्या पेठेत हा मान आमच्या जीपचा. मागे एक आडवी फळी आहे, तिच्यावर बसवायचं आणि उपरण्याने दांडीला बांधायचं, म्हणजे खड्ड्यात तोल जात नाही.

अप्पा म्हणजे वडिलांचे दोस्त, पेठेतले जुने किराणा व्यापारी. वडील गेले त्या वर्षी अप्पांना असा खोकला लागला होता की पेठेने आशा सोडली होती. मी भेटायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "लेका, जीप इकू नको. माझी सीट धरून ठेव."

"हाव अप्पा," मी म्हणालो. अशा वेळी दुसरं कोण काय म्हणेल?

पुढच्या महिन्यात खोकला थांबला. त्याला आता वीस वर्षं होत आली. अप्पा नव्वदीला टेकलेत, रोज सकाळी ज्वारीची भाकर खातात आणि मी अडकलोय.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्यातली निम्मी जागा जीपने धरलीय. दर सोमवारी ती सुरू करावी लागते, नाहीतर रुसते. एखादा भाग तुटला की नांदेडच्या भंगारात दिवसभर उकिरडा फुंकत बसायचं. बायको म्हणते, "ती का मी, असं मी इचारत न्हाई. उत्तर मला म्हाईत हाय."

तर गेल्या हिवाळ्यात एक गिऱ्हाईक आलं. नांदेडच्या रस्त्यावर, लोह्याच्या पुढे एकाने नवा ढाबा काढला होता. त्याला दारात चौथऱ्यावर जुनी जीप उभी करायची होती. भोवती दिवे, लोकांनी जेवायच्या आधी फोटो काढायचे. इंजिन नसलं तरी चालेल म्हणाला. मला तर नाचावंसं वाटलं. रविवारी अकराला तो येणार असं ठरलं.

शनिवारी मी अप्पांकडे गेलो. सगळं सांगितलं. ढाबा, चौथरा, दिवे, रविवार, अकरा. अप्पांनी सुपारी कातरून तोंडात टाकली.

"इक," ते म्हणाले. "तुझी जीप हाय. फक्त एकदा मला बसून बघू दे. उद्या दहाला ये. मठापर्यंत जाऊ, दर्शन घेऊ, वापस."

इतक्या स्वस्तात सुटलो म्हणून मी त्यांच्या पाया पडलो.

रविवारी अप्पा दारात तयार. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर, दंडावर, गळ्यावर विभूतीचे पट्टे, रुद्राक्ष, आणि गळ्यात झेंडूचा जाडजूड हार.

"हार कामून, अप्पा?"

"मठात वाहायचा हाय. हातात धरला की चुरगळतोय."

गळ्यात घातलेला हार देवाला चालत नाही, हे माझ्यासारख्या मठाच्या पायरीवर वाढलेल्या माणसाला तेव्हा सुचू नये! मी पुढची सीट पुसून दिली. अप्पा मागे चढले आणि फळीवर मांडी घालून बसले.

"तिथं कामून? पुढं बसा की."

"सीट बघायची म्हणलं ना मी? आन् बांध मला. पडलो तर माझी पोरं तुला जिता सोडतील का?"

मी त्यांच्याच उपरण्याने त्यांना दांडीला बांधलं. स्वतःच्या हाताने. अगदी घट्ट.

"आता पेठेतून घे," अप्पा म्हणाले. "बाहेरच्या रस्त्यानं धूळ लई."

पेठेच्या तोंडाशी भांडेवाल्याने आम्हाला पाहिलं. हातातलं पातेलं खाली ठेवलं, पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. मी मान हलवून नमस्कार घेतला. मग खर्रकन अर्धं शटर खाली आलं. पुढचं दुकान, खर्रकन. त्याच्या पुढचं, खर्रकन. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आरशात पाहिलं. अप्पा ताठ, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर अशी शांती की क्षणभर मलाही ते खरंच वाटलं.

"अप्पा! डोळे उघडा."

"ऊन लागायलंय," अप्पा ओठ न हलवता म्हणाले. "चालव."

देवळातलं रविवारचं भजन नुकतंच संपलं होतं. मंडळी टाळ घेऊन बाहेर पडत होती. त्यांनी जीप पाहिली, एकमेकांकडे पाहिलं आणि जीपच्या पुढे चालू लागली. टाळ सुरू झाले. मागून माणसं आली. पुढे जाता येईना, मागे जायला गिअर नाही. डावीकडे एका घराचा ओटा माझ्या मांडीला घासत होता. उजव्या सीटवर बायांनी फुलं, नारळ आणि उदबत्त्या यांचा ढीग केला. मी ब्रह्मदेशातल्या सैनिकासारखा चारी बाजूंनी घेरला गेलो.

मी ओरडलो, "अहो, अप्पा जिते हायत!"

भजनातल्या एका काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "आमच्यासाठी तर हायतच, बाबा. अशी माणसं मरत नसतात."

"तसं न्हाई काका, खरंच जिते हायत!"

"सांभाळ सोताला," काका म्हणाले आणि बाजूच्याला हळूच, "याला लई धक्का बसलाय. बापाच्या जागी होते."

मी हॉर्न दाबला. तो अडकला आणि वाजतच राहिला. लोकांनी ती मानवंदना समजून टोप्या काढल्या. मागून बोलणं कानावर येत होतं. कालच तर माझ्या दुकानात चहा पिले. मनानं सोनं माणूस. मग कापडवाल्याचा आवाज: "सोनं खरं, पण तोंडानं लई फटकळ." आरशात अप्पांच्या नाकपुड्या फुगलेल्या मला स्पष्ट दिसल्या.

आणि त्याच आरशात, गॉगल कपाळावर चढवलेला ढाबेवाला. बरोबर अकरा. गाडी पेठेबाहेर ठेवून गर्दीतून वाट काढत तो माझ्यापर्यंत आला.

"ही तीच जीप ना?"

"हीच. पण आधी माझं ऐकून घ्या..."

"आज पयल्यांदाच मयत नेली का हिच्यातून?"

मी तोंड उघडायच्या आत काकांनी छाती पुढे काढली. "पयल्यांदा? या पेठेतलं एक माणूस दुसऱ्या गाडीत गेलं न्हाई, साहेब! माझे वडील, माझी आई, थोरला भाऊ, सगळे याच फळीवर."

ढाबेवाल्याने फळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "माझ्याकडं लोक जेवायला येतात हो," तो अगदी काकुळतीने म्हणाला.

"अहो, हे जिते हायत! अप्पा, बोला की! अप्पा!"

अप्पा बोलले नाहीत. ढाबेवाल्याने त्यांना मनापासून हात जोडले, खिशातून काढून एक उदबत्ती माझ्या ढिगात ठेवली आणि निघाला. उदबत्ती त्याच्या खिशात कुठून आली हे मला आजवर कळलेलं नाही. पेठेच्या टोकाला गाडीचं दार लागलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. लांब गेल्याचा आवाज आला.

अप्पांनी एक डोळा उघडला. "गेला का?"

आरती घेऊन आलेल्या बाईच्या हातून ताट पडलं. टाळ थांबले. कुणीतरी किंचाळलं. मग मागून एकजण हसला आणि सगळी पेठ हसत सुटली. फक्त काका भडकले. "अप्पा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"सीटचं माप घ्यायलोय," अप्पा म्हणाले. "आन् तो कापडवाला कुठंय? बोलवा त्याला." कापडवाल्याचं उरलेलं अर्धं शटर केव्हाच खाली आलं होतं.

पुढे सगळी पेठ उभी होती, म्हणून जीप मागेच काढावी लागली आणि त्याला वीस माणसं लागली. बॉनेटला हात लावून त्यांनी ढकललं, मी न्यूट्रलवर स्टेअरिंग धरून बसलो. अप्पा बांधलेलेच होते आणि तिथूनच हुकूम सोडत होते. डावीकडं, जरा उजवीकडं, नाली हाय बघा.

त्यांच्या दारात मी गाठ सोडली. मी इतका चिडलो होतो की ती पटकन सुटलीही नाही.

"वीस वर्षं झाली, अप्पा. मला अडकवून ठेवलंय तुम्ही."

अप्पा फळीवरून उतरले नाहीत. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला.

"तुझी काकू हितं बसून गेली," ते म्हणाले. "तुझा बाप चालवत होता. मी मागून चालत होतो. मठापासून मळ्यापर्यंत मला तिची पाठ दिसत होती, जरा डावीकडं कललेली. मी सारखं म्हणत होतो, हळू घे, हळू घे." मग माझ्या खांद्याला धरून ते खाली उतरले. "फळी लई टोचते रे. तिला टोचली आसंल."

त्या दिवशी संध्याकाळी अप्पांच्या घरून एक गादी आली, नवी, फळीच्या मापाची, लाल खोळीची. मी ती सुतळीने फळीवर पक्की बांधली.

ढाबेवाल्याने पुढे कुठूनतरी बैलगाडी मिळवली, असं ऐकतो. मी सोमवारी जीप सुरू करतो. आवाज पेठेपलीकडे जातो आणि अप्पांचा फोन येतो, "झाली का चालू?" मी म्हणतो, "झाली." ते फोन ठेवतात. शेजारचं मांजर त्या लाल गादीवर झोपायला लागलंय. मी त्याला उठवतो. पुन्हा येऊन बसतं. पुन्हा उठवतो.