वरचा पंच

नाना वकील कॅरमच्या डावातही नुसता निकाल देऊन थांबत नसत. निकाल सांगून झाला, की हरलेल्याला लगेच विचारत, "अपील करतं का?" तो हो म्हणाला, की स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोला, काकूंना, हाक जायची. त्यांचा शब्द शेवटचा. काकू पिठाच्या हातांनी येत आणि बहुतेक वेळा नानांचा निकाल फिरवत. नाना खुश!

त्यांची सगळी हयात दिल्लीत, परदेशी व्यापाराचे खटले लढण्यात गेली. निवृत्त होऊन ते मंगरूळपीरला माझ्या शेजारी राहायला आले. देशादेशांतल्या व्यापाराच्या भांडणांना एक कोर्ट असतं, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. पण त्या कोर्टाचं वरचं पीठ तोवर बंद पडलं होतं. एका बड्या देशानं नवे न्यायाधीश नेमूच दिले नाहीत. आता हरणारा अपील करतो, ते ऐकायला कोणी नसतं, आणि खालचा निकालही लटकून राहतो. नानांनी जिंकलेला शेवटचा खटला असाच लटकला होता.

"खुर्ची रिकामी ठिवून राज्य करून राह्यले लेकाचे," ते फणफणत. "हरलेल्याचं आयकाले कोणी नसन, तर जिंकलेल्याले कायचा मान?"

असा हा माणूस. म्हणूनच पुढचं आठवलं की जीव हळहळतो.

आसेगावला नानांचं आणि धाकट्या भावाचं, वामनरावांचं वावर लागून होतं. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांत वाद झाला आणि गावच्या पंचांनी नानांच्या बाजूनं निकाल दिला. असा निकाल पटला नाही, तर दोघांना मंजूर असा बाहेरगावचा एक बुजुर्ग बसवायचा, हा गावचा रिवाज. वामनरावांनी धनजच्या एका म्हाताऱ्याचं नाव सुचवलं.

"तो तुया सोयऱ्यातला," नाना म्हणाले.

मग मंगरूळपीरच्या खाँसाहेबांचं नाव आलं. "त्यायचं कापडाचं दुकान. त्यायले धुऱ्यातलं काय समजते?" तिसऱ्याला म्हणे कमी ऐकू येत होतं.

शेवटी वामनराव माझ्यासमोर म्हणाले, "दादा, तूच सांग न एखादं नाव. तू म्हनशीन तो मले मंजूर."

"पाहू. घाई कायची?"

मला राहवलं नाही. "नाना, तो बडा देश तुमच्याकडूनच शिकला का हो?" म्हणालो. नाना उठून घरात गेले आणि बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

उन्हाळ्यात छातीत कळ येऊन वामनराव गेले. तेरवीच्या पंगती उठल्यावर नाना त्यांच्या लेकीजवळ, सुनंदाजवळ गेले. "बाई, तू सांग नाव. कोनतंबी. मी आत्ता हो म्हनतो."

सुनंदानं डोळे पुसले. "ऱ्हाऊ द्या मोठेबाबा. धुरा तुमचाच. बाबाले फक्त कोनीतरी आयकून घ्यावं वाटे."

नाना मान खाली घालून उभे राहिले. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे पाहवतही नव्हतं.

थोड्याच दिवसांत ते लेकाकडे पुण्याला निघाले. एसटी स्टँडवर पोचवायला मी गेलो होतो. गाडी लागली तरी ते चढेनात.

"वामन चुकीचा होता का बरोबर," ते म्हणाले, "हे आता मले कोन सांगन?"