दुसऱ्या छपराखालची मापं

वन्संनी ते भांडण ऐकलं तेव्हा त्या कारखान्यात अगदी नव्या होत्या. कारखाना पाय बनवायचा. ज्यांचा पाय गेला त्यांना नवा पाय. प्लास्टरच्या खोलीत त्या ओल्या फडक्यानं साचे पुसत होत्या आणि पलीकडे, पातळ फळीच्या भिंतीआड, साहेब आणि मिस्त्री एकमेकांवर उखडले होते.

भांडण मापांवरून होतं. उरलेला पाय ज्या वाटीसारख्या भागात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. प्लास्टर लावून कुणीही माप काढेल, पण नुसत्या मापाचं सॉकेट घालून चार पावलं टाकली की माणूस डोळ्यांत पाणी आणतो. कुठे हाड टोचतंय, कुठे केसभर सैल सोडायचं, कुठे दाबून धरायचं, हे हातानं चाचपून, दहा वेळा घासून ठरतं. आणि ते सगळं मिस्त्रींच्या डोक्यात होतं. माणसाचं नाव विसरतील, पण पाय विसरायचे नाहीत.

साहेबांनी कॉम्प्युटर आणला होता. मिस्त्रींनी एकेक पाय त्यात सांगून टाकावा असं त्यांचं म्हणणं.

"उद्या तुम्ही डोळे मिटलेत तर ही माणसं लंगडत कुणाच्या दारात जाणार?" साहेब म्हणाले.

"माझ्या मरणाची एवढी घाई असेल तर तसं सांगा. आत्ता आडवा होतो, प्लास्टर ओलंच आहे."

मग बराच वेळ नुसता आवाज. साहेब म्हणत होते, जे माणसाबरोबर जातं ते असून नसल्यासारखंच. आणि त्यात काही चूक नव्हती. मिस्त्री म्हणत होते, सांगतो, पण तो डबा बसला तर? साहेब म्हणाले, नक्कल ठेवू. कुठे ठेवणार? त्याच मशीनमध्ये, दुसऱ्या कप्प्यात. यावर मिस्त्री इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि साहेब आणखी भडकले. शेवटी ठरलं ते असं, की नक्कल राहील रस्त्यापलीकडे, बुटांच्या विभागात, दुसऱ्या छपराखाली. आणि नुसती राहायची नाही, दर आठवड्याला कुणीतरी ती उघडून बघायची, सगळे पाय जागच्या जागी आहेत का ते.

कोण बघणार, असं म्हणत साहेबांनी तरातरा दार उघडलं, तर समोर फडकं हातात घेऊन वन्सं.

"सगळं ऐकलंत ना?" साहेब म्हणाले. "मग आता तुम्हीच करा."

ते काम त्यांच्या गळ्यात पडलं ते कायमचं.

वन्सं हे काही त्यांचं नाव नव्हे. पहिल्याच आठवड्यात त्या चष्मा घरी विसरल्या म्हणून भावजय तो घेऊन फाटकाशी आली आणि सगळ्यांना विचारत सुटली, "आमच्या वन्सं कुठे आहेत हो?" तेव्हापासून रखवालदारापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या वन्सं झाल्या. सत्तरीचे म्हातारे पाय बसवायला यायचे आणि त्यांना वन्सं म्हणायचे. साहेबांच्या बायकोनं एकदा हसून विचारलं होतं की नवराच वन्सं म्हणतो, मग मी काय म्हणू.

त्यांचा धाकटा भाऊ न्हावी. तरुणपणी ट्रकमधून लोखंडी सळ्या घसरल्या आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. वन्संच त्याला खांद्याचा आधार देऊन पहिल्यांदा या कारखान्यात घेऊन आल्या, त्याचे कागद त्यांनीच भरले, आणि अक्षर बघून साहेबांनी त्यांना नोकरी दिली. लग्नाचं राहून गेलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, बघायला यायचे ते सगळे शुक्रवारी यायचे, आणि शुक्रवारी मला सवड नसायची.

शुक्रवारी नक्कल उघडायची असायची. भावजय फारशी शिकलेली नाही, पण तिला उत्सुकता फार. भाजी निवडता निवडता ती विचारायची आणि वन्सं थकलेल्या आवाजात सांगायच्या. सर्व्हर नावाच्या मशीनला सगळे पत्ते आधी सांगून ठेवावे लागतात. खरी मापं कुठे राहणार, मोठी नक्कल कुठे जाऊन पडणार, आणि दिवसभरात जे काही बदलतं तेवढंच दर तासाला टिपून घेणाऱ्या छोट्या नकला कुठे जाणार. आणि शुक्रवारची तालीम. तालमीत नक्कल उघडून मांडायची, पण ती वेगळ्या जागी. कारण नकलेला आपलं जुनं घर पाठ असतं. तिला नवी जागा सांगितली नाही तर ती तडक खऱ्या मापांच्या जागी जाते आणि त्यांच्यावर बसते.

"म्हणजे पाहुण्याला दाराशीच खोली दाखवायची," भावजय म्हणाली, "नाहीतर तो सरळ आपल्याच पलंगावर जाऊन पसरतो."

"हो. आणि पलंगावर आपण झोपलेलो असतो."

असे किती शुक्रवार गेले कुणास ठाऊक. मिस्त्रींनी कुरकुरत सगळे पाय सांगितले, म्हातारे झाले, दूरच्या लेकीकडे राहायला गेले. साहेबांचे केस पिकले. वन्संच्या कमरेनं दगा दिला, गुडघे बोलायला लागले. रस्ता ओलांडून बुटांच्या विभागात जायचं, नकला पोचल्या का बघायचं, परत यायचं, तालीम मांडायची. तालमीची प्रत दर वेळी मागच्या तालमीवरच बसायची, म्हणून मशीन विचारायचं, जुन्यावर बसवू का? आणि वन्सं हो म्हणायच्या. इतक्यांदा हो म्हणून झालं होतं की आताशा प्रश्न वाचायच्याही नाहीत.

निवृत्ती तोंडावर आली आणि नेमकं तेव्हाच धाकट्याचं सॉकेट तडकलं. तरुणपणाचा पाय आता वाळला होता, कातडी पातळ झाली होती. दुकानात दिवसभर उभं राहून जखमा व्हायच्या. गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा असताना त्याला भार दुसऱ्या पायावर टाकून पाय बदलता यायचा नाही, दात आवळून उभा राहायचा. भावजय रोज मलम लावायची आणि वन्सं भिंतीकडे बघत बसायच्या. दुकान बंद करून तो घरी बसला तर खचून जाईल, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मिस्त्रींच्या जागी आलेल्या फिटर बाईंचा हात चांगला होता, पण या पायापुढे त्यांनी हात टेकले. म्हणून वन्संनी मिस्त्रींना फोन केला. आणि म्हातारा आला. लेकीशी भांडून, डॉक्टरांचं न ऐकता, बस बदलून बदलून शुक्रवारी सकाळी कारखान्यात येऊन बसला.

त्याच आठवड्यात सर्व्हरला नवी डिस्क बसवली होती. वन्संनी सगळे पत्ते बदलले होते. तालमीची जुनी जागा पुसून नव्या डिस्कवर दिली, आणि आजवर याच मशीनमध्ये राहणाऱ्या छोट्या नकलांची जागा थेट रस्त्यापलीकडे. पण पत्ते बदलले तरी मशीन एकदा बंद करून चालू करावं लागतं, तोवर ते जुनेच पत्ते धरून बसतं. बाहेर रांग होती. साहेब म्हणाले, संध्याकाळी करा. संध्याकाळी वन्संना नुसतं घर आठवत होतं. उद्या करू म्हणाल्या, आणि ते मागं पडलं ते पडलंच.

मिस्त्रींचे हात थरथरत होते, पण पायावर टेकले की थांबायचे. डोळे मिटून ते चाचपत होते, धाकटा खुर्चीत आखडून बसला होता, आणि मिस्त्री सांगतील ते वन्सं मशीनमध्ये घालत होत्या. मागच्या बाजूला थोडं दाबा. आतल्या अंगाला सैल. सगळं झालं, चहा झाला, म्हातारा उठून दारापर्यंत गेला आणि परत फिरला. पुन्हा हात लावला.

"थांबा. नडगीच्या टोकाला अजून सोडा. तिथेच मरतोय तो."

वन्संनी तेही घातलं. मिस्त्रींना बसमध्ये बसवून दिलं. धाकट्याला घरी न्यायचं होतं, तो जखमी पायानं ताटकळत होता, आणि तालीम तेवढी उरकायची राहिली होती. वन्संनी आदल्या संध्याकाळची मोठी नक्कल घेतली, तालमीला लावली. जागा तर त्यांनी बदललेलीच होती. मशीननं विचारलं, जुन्यावर बसवू का? त्या हो म्हणाल्या.

सवयीप्रमाणे एक पाय उघडून बघायचा म्हणून त्यांनी धाकट्याचाच उघडला. सगळे आकडे कालचे. तालमीत कालचेच असणार, म्हणून त्यांनी खरी मापं उघडली. तिथेही कालचेच. तेवढ्यात फिटर बाई हॉलमधून म्हणाल्या, "वन्सं, सकाळपासून केलेलं एकही काम दिसत नाहीये हो."

पाहुणा पलंगावर जाऊन बसला होता.

वन्संनी सगळ्यांना मशीनवरून हात काढायला सांगितलं, ओरडून नाही, नेहमीच्याच आवाजात, आणि रस्ता ओलांडला. छोट्या नकला असतील. सकाळच्या प्रत्येक तासाची एकेक. बुटांच्या विभागातल्या मशीनसमोर बसून त्यांनी फोल्डर उघडला. रिकामा. आजची एकही नक्कल नाही.

चांभारकाका तळव्याला खिळे मारत होते. त्यांनी वर बघितलं, वन्संचा चेहरा बघितला आणि हातोडी खाली ठेवून स्टूल पुढे सरकवलं. वन्सं बसल्या. किती वेळ बसल्या असतील, चांभारकाकांनी पाणी दिलं तेही हातातच राहिलं. धाकट्याचे आवळलेले दात दिसत होते. म्हातारा बसच्या खिडकीतून हात हलवत गेला तो दिसत होता.

मग सावकाश डोक्यात शिरलं. मशीननं तालमीचा नवा पत्ता घेतला नाही, आणि जुनी जागा पुसलेली, म्हणून नक्कल खऱ्या मापांवर गेली. मग नकलांचा तरी कशाला घेईल? तेसुद्धा जुन्याच घरी जात असणार.

त्या परत आल्या. जुन्या जागी सगळ्या छोट्या नकला ओळीनं होत्या, कुणी आपली वाट बघतंय हे माहीत नसल्यासारख्या. या वेळी वन्संनी आधी मशीन बंद करून चालू केलं. मग प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचला. आदल्या संध्याकाळची मोठी नक्कल मांडली, तिच्यावर एकामागून एक छोट्या. सकाळ परत आली. रांगेतल्या सगळ्यांची मापं आली, धाकट्याचीही आली. फक्त चहानंतरचं नाही. मिस्त्री दारातून परत फिरले होते ते कुठल्याच नकलेत नव्हतं. पुढची छोटी नक्कल निघायच्या आतच वन्संनी घाई केली होती.

साहेबांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, संध्याकाळी करा असं मीच म्हटलं होतं. आणि फोन पुढे केला.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी लेकीच्या घरी सापडले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. किती सोडायला सांगितलं होतं हे आठवेना. वन्सं, म्हणाले, ते माझ्या हातांना माहीत होतं हो, मला नव्हतं. पाय समोर असता तर सांगितलं असतं. मागून लेक काहीतरी रागानं बोलत होती. आता ते पुन्हा येऊ शकणार नव्हते.

घरी वन्संनी सांगायला तोंड उघडलं तेव्हा भावजय धाकट्याच्या पायाशी मलमाची डबी घेऊन बसली होती. सगळं सांगून झालं. वन्सं म्हणाल्या, तुझ्या पायाचं सगळ्यात महत्त्वाचं तेवढंच माझ्या हातून गेलं. इतकी वर्षं राखलं आणि शेवटी मीच पुसलं.

धाकट्यानं पाय खाली घेतला.

"ताई, कुठे दुखतंय ते मिस्त्री माझ्याकडूनच शिकले ना? ते तुझ्या मशीनमध्ये नसेल. इथे आहे. इथून पुसलं गेलं असतं तर मी पेढे वाटले असते."

भावजय आधी हसली. मग वन्सं. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, तर भावजय म्हणाली, मलमाचा हात लागलाय त्याला, डोळे झोंबतील.

सोमवारी धाकटा फिटर बाईंसमोर बसला. डोळे मिटून, मिस्त्री बसायचे तसा, आणि आपल्याच पायावर बोट ठेवून सांगायला लागला. इथे. नाही, अजून खाली. पहिलं सॉकेट टोचलं. दुसरं घासलं, परत घासलं. बाईंच्या नाकी नऊ आले, त्या म्हणाल्या की न्हावी लोकांच्या डोक्याला हात लावतो, हा तर माझं डोकंच खातोय. पण एके दिवशी त्यानं दुकानात एका गिऱ्हाइकाची दाढी सुरुवातीपासून शेवटपर्यंत केली आणि मध्ये एकदाही पाय बदलला नाही. भावजय दारात उभी राहून बघत होती. तिनं घरी येऊन सांगितलं. वन्संनी ती मापं मशीनमध्ये घातली, आणि तासाची नक्कल निघेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

मग त्यांचा शेवटचा शुक्रवार आला. साहेबांनी हॉलमध्ये खुर्च्या मांडायला लावल्या होत्या, भावजय आणि धाकटा चांगले कपडे घालून आले होते, फिटर बाई हार कुठे ठेवलाय ते विसरल्या होत्या. वन्सं म्हणाल्या, आलेच.

रस्ता ओलांडताना गुडघा धरला, तशा थांबल्या, मग गेल्या. बुटांच्या विभागात चामड्याचा वास होता. चांभारकाकांनी स्टूल सरकवलं. नकला आल्या होत्या, सगळ्या. परत येऊन त्यांनी तालीम लावली, जागा सांगितली, सांगितलेली जागा पुन्हा वाचली. मशीननं विचारलं, जुन्यावर बसवू का? कुठल्या जुन्यावर ते वन्संनी अक्षर न् अक्षर वाचलं आणि मग हो म्हणाल्या. एक पाय उघडून बघितला. कुणा अनोळखी बाईंचा उजवा, गुडघ्यावरून गेलेला, मांडीच्या आतल्या अंगाला सैल. बरोबर होता. त्यांनी तो बंद केला, चष्मा पुसून खिडकी लावली आणि खोलीचा दिवा घालवला.